कलम सातवं

बावीस वर्षं डाकघराच्या या खिडकीत बसून म्हणते आहे,
"थांब बाई, आधी वाचून दाखवते, मग अंगठा दे."
निराधारचे पैसे, आरडी, वारसाचा अर्ज,
निळी शाई, ओलं फडकं आणि बायांचे अंगठे:
भेगाळलेले, डिंकाने चिकटलेले,
एकीचा तर अर्धाच, कडबा कटरमध्ये गेलेला.

त्यांच्याच गोष्टी लिहिल्या.
एकशे शहाऐंशी पानं,
कच्ची रद्द मनीऑर्डर फॉर्मांच्या पाठीवर,
पक्की वरुडच्या एका पोराकडून टाइप करून.

पुण्याच्या पहिल्या प्रकाशकाने उत्तर दिलं नाही.
दुसऱ्याने दिलं, छापील: आमची यादी दोन वर्षं भरलेली आहे.
नागपूरचा एक फोनवर ताई म्हणाला.
ताई, लेखक सहभाग योजना, बेचाळीस हजार, तीनशे प्रती,
समारंभाचा हार आमच्याकडून.
मी म्हटलं, मग हाराचे पैसे वजा करा.
(खोटं. म्हटलं नाही. नंतर सुचलं, सायकलवर.)

चौथ्याने करार पाठवला.
आठ पानं, वर शंभराचा स्टॅम्प,
आणि माझ्या नावापुढे:
"यापुढे 'लेखिका' म्हणून संबोधण्यात येईल."
हे वाक्य मी तीनदा वाचलं
आणि पुढचं एकदाही नीट नाही.

गुरुवारी गफूर बागवान आरडी भरायला आला.
चाळीस वर्षं बागा घेतो ठोक्यानं, आंबिया असो की मृग.
त्याला सातवं कलम वाचून दाखवलं:
सर्व हक्क, सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी.
"इसार किती देला?"
काही नाही.
"भाव?"
शंभराला दहा. पाचशे प्रती खपल्यावर.
"आन् पाचशे खपल्या का नाई, थे कोन मोजते?"
नववं कलम. तेच मोजतात.
त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"कलम म्हंते याले? कलमेनं झाड वाढते, बाई.
मी बहार घेतो. फळ तोडलं, पेट्या भरल्या,
का निघालो. झाड घरधन्याचं.
हा मानूस तं झाडच मांगून रायला,
वरतून मुळीखालची मातीबी.
मी असा कागद केला असता तं
वरुडापर्यंत कोनं पानी नसतं पाजलं."

रात्री पेन्सिल घेऊन बसले.
"कायमस्वरूपी" खोडलं. वर लिहिलं:
पहिली आवृत्ती, मराठी, छापील पुस्तक, तीन वर्षे.
नवव्यात: दरवर्षी लेखी हिशेब, मार्चअखेर.
अक्षर वाकडं येत होतं.
एवढी कोण तू, असं कोणी तरी म्हणत होतं,
बहुधा मीच.

आणि तिसऱ्या कलमाशी अडले.
ते गफूरला वाचून दाखवलंच नव्हतं.
"लेखिका हमी देते की सदर मजकूर
सर्वस्वी तिचा स्वतःचा आहे."

पान एकशे चार. रुख्मा धुर्वे.
अर्धा अंगठा, तो दिवस,
आणि त्या दिवशी ती नवऱ्याला जे बोलली ते.
तिने मला सांगितलं होतं. पुस्तकाला नाही.

सकाळी खिडकी उघडायच्या आधी तिच्याकडे गेले.
ती संत्र्याच्या पेटीत तणस अंथरत होती.
म्हटलं, थांब बाई, आधी वाचून दाखवते.
तिने ऐकलं. तणस हातातच राहिलं.
"नवऱ्याचं नाव बदल," म्हणाली. "मायं राहू दे."
मग पुढची पेटी ओढत,
"आन् पानी नोयतं त्या दिशी.
तू पानी काहून टाकलं?"

रजिस्टर एडी केलं.
स्वतःच वजन केलं, तिकिटं लावली,
स्वतःच्या पाकिटावर स्वतः शिक्का मारला.
तारीख पुसट उठली म्हणून पुन्हा मारला.

पोच परत आली आहे, सही लागत नाही.
उत्तर नाही.
रोज तीनला थैली मीच उघडते,
हो असो की नाही,
गावात माझ्याआधी कोणाला कळणार नाही.

पान एकशे चारवरचा पाऊस काढून टाकला.
दोन ओळी कमी झाल्या.