आतली दोरी

नाना पेठेत माझं दुकान, दीड माणूस रुंद.
एक मी. अर्धा तौफिक,
कारण उरलेला अर्धा मोबाइलमध्ये असतो.

हॉर्न, सीट कव्हर, पायपुसणी सगळं ठेवतो,
पण लोक येतात भीती घेऊन.
स्टिअरिंगला आडवा दांडा द्या,
गिअरला कडी द्या,
शेजारच्याची गेली, माझी जाऊ नये.
बावीस वर्षं मी हेच विकतोय:
बाहेरचा हात बाहेरच राहील याची हमी,
पावती मागितली तर पावतीसह.

कोपरकर बाई फेब्रुवारीत आल्या. निळी एस्टीम.
तळजईवर फिरून खाली येतात तो डिकीतली पर्स गायब.
चोराने काच फोडली, सीटखालचा खटका ओढला,
डिकी आपोआप उघडली.
मी विचारलं, पर्स डिकीत ठेवली कधी?
"तिथंच. गाडी लावली, उतरले, ठेवली."
म्हणजे बाई, तुम्ही त्याला दाखवून ठेवलीत.
झाकायचं ते घरून निघतानाच झाकायचं,
पोचल्यावर डिकीला हातसुद्धा लावायचा नाही.
त्यांनी मान डोलावली, शिकवणाऱ्या माणसाला
दुसऱ्यानं शिकवलं की डोलावतो तशी.
मग म्हणाल्या,
"असं करा, की कोणालाच उघडता येऊ नये."

केलं. खटक्याची तार काढून टाकली,
कुलपाला पोलादी पट्टी, चावी एकच, ती त्यांच्या पर्समध्ये.
बाराशेचे अकराशे करून गेल्या.

मे महिन्यात भोरहून आंबेमोहोर आला, तीन पोती.
पहिलं वर नेलं वॉचमननं, मागोमाग बाई.
बहिणीचा नातू निहार, वय सहा,
लपाछपीत त्याच्यावर राज्य नव्हतं.
पोत्यांमध्ये शिरला आणि झाकण स्वतःच ओढून घेतलं.
बाई खाली आल्या. डिकी बंद.
वाटलं, आपणच लावली असेल.
चावी वर राहिली, पर्समध्ये.
परत वर गेल्या, पाणी प्यायल्या,
फोन आला, तोही घेतला.

ठोकलेलं वॉचमनला ऐकू आलं.

पोरगं ठीक आहे. घामानं भिजलेलं,
केसांत तांदळाचा कोंडा,
आणि पहिलं वाक्य: "मला कोणी शोधलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
सहकारनगरची बाई आवाज न चढवता बोलते
तेव्हा हातातला पाना जड होतो.
"आतून उघडता येईल असं काही असतं का?"

बावीस वर्षांत हा प्रश्न
एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.
मीही विचारला नव्हता.

स्कूटरची ब्रेकची तार घेतली,
टोकाला मूठ, मुठीला हिरवं रेडियम.
लहान हाताला कळावं म्हणून मूठ जाड ठेवली.
पण चालते का, हे बाहेरून कसं कळणार?
तौफिकला म्हटलं, मी आत जातो, तू लाव.
चौपन्न वर्षांचे गुडघे हनुवटीला टेकवले.
धाड.

स्टेपनीचा वास. कुठंतरी अजून आंबेमोहोर.
बाहेर टेम्पो रिव्हर्स घेतोय, कोणीतरी भाव करतंय,
माझाच रस्ता, एका पत्र्यापलीकडे,
आणि कोणालाही माझी गरज नाही.
हिरवी मूठ दिसत होती.
मी लगेच ओढली नाही.
त्याने मोजलं असेल ना, शंभरपर्यंत?
सहा वर्षांच्या पोराला शंभरपर्यंत येतं का?
मी एकोणचाळीसला ओढली.

उजेड. तौफिक मोबाइलमध्ये.
"झालं?" म्हणाला, वर न बघता.

बाईंनी पैसे विचारले. मी तारेचे घेतले.
आता गिऱ्हाईक कुलूप मागतं
तेव्हा मी आधी विचारतो,
आत कोण अडकू शकतं?
लोक हसतात.
"स्टेपनी," म्हणतात.