निरंक

गुणवंतराव ठोंबऱ्यांनी बाल्याला पाठवलं.
"तुमचं जुनं कम्प्युटर इकता का, ताई?
आठ हजार देतो मनते."
दोन हजारांचा डबा.
जिनिंगचा कापूस उडून उडून पंख्यात बसलेला,
सुरू होताना बकरीसारखा खोकतो.
ग्रामपंचायतीची निवडणूक अडीच महिन्यांवर.
मी म्हटलं, कळवते.

अकरा वर्षं गाव माझ्या सेतू केंद्रात येतंय
आणि या डब्यात राहून जातंय.
निंदून निंदून रेषा गेलेले अंगठे,
जातीचे दाखले, सोडचिठ्ठ्या,
वार्ड दोनमधून उभा राहणाऱ्या माणसाच्या
तिसऱ्या पोराचा जन्मदाखला
(तो आता म्हणतो, ते पोरगं भावाचं).
यमुना आत्रामचा दवाखान्याचा रिपोर्ट.
पदराखालून काढून दिला होता तिनं,
आणि स्कॅन होईस्तोवर
दाराकडे पाठ करून उभी होती.
माझंही काही होतं त्यात.
ते इथं लिहीत नाही.

सगळं निवडून डिलीट दाबलं.
कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.
पुसदला बहिणीचा प्रज्योत पॉलिटेक्निकला आहे,
त्याला फोनवर सांगितलं तर हसला.
"मावशे, तू सातबाऱ्यावरचं नाव खोडलं फक्त.
वावर जागेवरच हाये,
पऱ्हाटीची धसकटंसुदिक निघाली नाहीत."
त्यानं एक फुकटचं सॉफ्टवेअर चालवायला लावलं.
बारा मिनिटांत यमुना परत आली,
शिक्क्यासकट.

मग वखर घातला.
पहिल्या तासापासून पार धुऱ्यापर्यंत,
प्रत्येक जागी शून्य, त्याच्या पुढे शून्य.
फॉर्मवर रिकाम्या रकान्यात
आम्ही जे लिहितो, तेच:
निरंक, निरंक, निरंक.
"एक पाळी नीट झाली तरी भागते,
सात सात पाळ्या भित्रे लोकं देतात."
मी म्हटलं, मी भित्रीच आहे, तीन देते.

पावणेबाराला, पहिल्याच पाळीत,
एकसष्ट टक्क्यांवर लाइन गेली.
यूपीएस दिवाळीतच मेलेला.
अंधारात हिशोब करत बसले,
उरलेल्या एकोणचाळीसात कोण कोण असेल.
नाल्यापलीकडे कुणी रानडुकरं हाकलायला
टिनाचा पिपा बडवत होतं.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
शटरला आतून कुलूप लावलं.
तीनला लाइन आली. परत पहिल्यापासून.

तिसऱ्या दिवशी बाल्या डबा घेऊन गेला.
पावती फाडली:
संगणक एक, चालू स्थितीत.
आतील माल: निरंक.
संध्याकाळी गुणवंतरावांचाच फोन.
"यात तं काहीच नाही!"
"सुरू होते ना, दादा?"
"सुरू होते."
"मग?"
बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू आला.

काल यमुना आली.
पेन्शनच्या अर्जाला तोच रिपोर्ट पाहिजे,
"तुमच्याजवळ असंलच ना, ताई."
नाही म्हटलं. पुसून टाकला.
"काऊन पुसला?
आता पुन्ना तालुक्याले जाऊ काय मी,
मजुरी पाडून?"
बाकावर चार माणसं बसली होती.
मी कारण सांगितलं नाही.
ती बोलत राहिली, मी ऐकून घेतलं,
आणि तिच्या तिकिटाचे चाळीस रुपये
गल्ल्यातून काढून
झेरॉक्सच्या कागदाखाली सरकवले.