पंधरा मिली

फ्रिजवर कागद आहे, माझ्याच अक्षरातला:
सहाला मॉर्फिन,
त्याआधी अर्धा तास मळमळीची गोळी,
रात्री सिरप, पंधरा मिली.
दुखणं थांबवणारं औषध कोठा बांधतं.
ओकारी थांबवणारी गोळीही थोडंफार तेच करते,
आणि कोठा बांधला की पुन्हा उमासे.
इझोल्दा नर्स म्हणाली, एकाला आवरायला दुसरं,
दुसऱ्यामागे तिसरं,
पाहुण्याने पाहुणा आणावा तसं.

नऊ वर्षं मी इटलीत होते, बारीला,
परक्यांच्या आयांना न्हाऊ घालत.
सिन्योरा पिनुच्चाला रोज सकाळी विचारायचे, झाली का?
ती बोटांनी सांगायची, आणि हसायची.
त्या भाषेत मला लाज नव्हती.
त्याच कामापुरती शिकले होते ती.

इथे तेर्जोलात, द्राक्षाच्या मांडवाशी,
माझ्या भाषेत तोच प्रश्न तोंडातून फुटेना.
समोर गेरोन्ती, माझा बाप.
आसपासच्या सगळ्या लग्नांत मेजाच्या टोकाला बसून
मेलेल्यांसाठी, पोरासोरांसाठी, वेलीच्या मुळांसाठी
प्याला उचलून बोलायचा.
त्याचं संपेपर्यंत मटण गार व्हायचं
आणि कोणी चकार शब्द काढायचं नाही.
त्याला आता एवढंसं सांगणं जड.

तिसऱ्या दिवशी शेजारची शुशाना
भिजवलेले आलुबुखार घेऊन आली.
वाटी माझ्या हातात कोंबून, दाराकडे बघत,
"आमच्या ह्यांचंही असंच होतं," म्हणाली
आणि गेली.

चौथ्या दिवशी त्याने बादली मागितली, खुणेनेच.
मी कपाळ धरून उभी राहिले.
हिरवट पाणी, आणि सकाळची गोळी, अख्खी.
ही दिली म्हणायची, की परत द्यायची?
इझोल्दाला फोन लावला.
तिने उलट विचारलं, परसाकडे शेवटचं कधी?
मी फोन कानावरून काढला
आणि बापाला विचारलं. इटालियनमध्ये.
त्याला त्यातलं अक्षर कळत नाही.
त्याने वर पाहिलं, माझ्याकडे,
आणि चार बोटं दाखवली.

मग सपोझिटरी, हातमोजे,
डाव्या कुशीवर वळवणं, गुडघे पोटाशी.
तो भिंतीकडे बघत होता.
मीही भिंतच बघितली, जमेल तेवढी.

अंधार पडताना संडासातून पाणी सोडल्याचा आवाज आला.
भिंत धरत तो बाहेर आला,
खुर्चीत बसला, घामेजलेला,
आणि हात पुढे केला.
मी मापाच्या इवल्या प्याल्यात सिरप ओतलं.
त्याने ते दिव्यासमोर धरलं,
नव्या दारूचा रंग बघायचा तसं,
घसा खाकरला.
"येणाऱ्यांसाठी सगळेच पितात," म्हणाला,
"पण जे वेळेवर निघून जातात, मारेखी..."
पुढचं विसरला, की दमला, कळलं नाही.
लवकर घ्या, म्हटलं, मुंग्या येतील.

त्याने एका घोटात संपवलं
आणि ओठाला चिकटलेलं मनगटाने पुसलं,
लग्नात पुसायचा तसंच.