दीड आटा

सत्तय्या चिप्पाला गाडीचा आवाज ऐकू यायचा नाही.
कन्ना चौकाच्या मागं, पत्र्याखाली,
तो टाकीवर तळहात ठेवायचा,
चादरीची किनार तपासतात तसा, कडेकडेनं,
आणि डोळे मिटून म्हणायचा,
'पेट्रोल जास्त यिऊलालंय बे. प्लग काढ.'
प्लग काढला की काजळी.

अठरा वर्षं लूम चालवून
कान मिलमध्येच ठेवून आलेला माणूस.
भोंगा कायमचा बंद झाला
तेही त्याला दुसऱ्यांनी सांगितलं.
ताण्याचा धागा तुटला की पायाला कळायचं म्हणे,
फरशीतून, पार पोटरीपर्यंत.
तेवढी विद्या सोबत आणली त्यानं
आणि एक कैची, गास्केट कापायला.

मी तेरा वर्षांचा. माझं काम: कान.
'फुटका वाजतोय का? घुमतोय का?
सोडल्यावर लगेच खाली येतोय, का लोंबकळतोय?'
मी बोटांनी सांगायचो. तो मान हलवायचा.
बहुतेकदा त्याला आधीच ठाऊक असायचं.
मला पगार मग कशाचा होता, कोण जाणे.

जेटमध्ये तार घालायची नाही.
पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की झालं.
ब्रशचा एकच केस घ्यायचा, फुंकर मारायची,
मग उन्हाकडं धरून बघायचं.
मे महिन्यातलं सोलापूरचं अख्खं ऊन
त्या ब्याण्णव नंबरच्या भोकातून
मोहरीएवढं दिसायचं.

एअर स्क्रू पूर्ण आवळायचा, हलक्या हातानं,
मग दीड आटा सोडायचा.
'पुस्तकात दीड,' तो म्हणायचा,
'पुस्तक लिहिणारा उन्हाळ्यात इथं आला नव्हता.'
हवा तापली की विरळ होते,
कडक उन्हात आणखी पाव आटा.
पण बेतानं. हवा जास्त झाली
तर प्लग चुन्यासारखा पांढरा,
आणि अक्कलकोट रोडला भर दुपारी
पिस्टन सिलिंडरला मिठी मारतो,
सुटत नाही.
शेंगदाण्याच्या भाजलेल्या सालीचा रंग,
तो आला की थांबायचं.

दूधवाल्या बसलिंगप्पाची येझदी होती त्या दिवशी.
सत्तय्याचा हात टाकीवर, माझा स्क्रूड्रायव्हर आयडलवर.
'सोड... सोड... अजून... चालु.'
म्हणजे चालू, मला वाटलं, म्हणजे चालू दे,
मी सोडत राहिलो.
गाडी दोनदा खोकली आणि विझली.
टू-टीचा अख्खा पंजा माझ्या पाठीवर उमटला.
'चालु म्हटलं की बे! बास! आमच्या तेलुगूत बास!'
मी त्याच्याकडं तोंड करून, ओठ ताणून,
'आमच्यात चालू म्हणजे बंद नाही ते.'
त्यानं माझे ओठ वाचले.
बसलिंगप्पा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला
ते कुणीच वाचलं नाही.
सत्तय्यानं किक मारली, चौथ्या किकेला घेतली गाडीनं,
माझा हात धरून टाकीवर ठेवला
आणि स्वतः स्क्रू फिरवायला बसला.

पत्र्याखाली, तळहाताखाली,
एक थरथर खाली खाली गेली,
इतकी खाली की आता जाते,
आणि तिथंच,
गेली नाही.
ठोका आणि ठोक्यामध्ये एवढी जागा
की मध्ये कुणी चहा सांगून यावं.
'चालु?' त्यानं विचारलं.
मी म्हटलं, चालू.

आता गाड्या लॅपटॉपला जोडतात.
माझ्याकडं वर्षातनं एखादी येझदी येते,
कुणाच्या तरी वडलांची, तुळशीच्या कट्ट्याशी उभी राहून गंजलेली.
परवा एक आली. पोरगं नवीन आहे, बार्शीकडचं.
स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात, माझा तळहात टाकीवर.
'सोड,' मी म्हटलं. 'सोड. अजून थोडं.
चालु.'
पोरगं सोडत राहिलं.
मी हात काढला नाही.