लादी

पवनीच्या बर्फ कारखान्यातून पाव लादी येते
सकाळच्या ऑटोत, गोणपाटात, धानाच्या तुसात पुरलेली.
माय ती छातीशी धरून उतरवते.
लुगडं पोटाशी ओलं होतं, आणि ती विचारते,
"धनपाल, तिकडं तू केलं काय नेमकं
अकरा महिने?"

एक जहाज होतं, माय.
भर समुद्रातल्या तेलविहिरींना
साखळ्या, नांगर, पाइप, बटाट्याची पोती पोचवणारं.
तेलाचा भाव पडला, मालकानं विकलं.
तटरक्षक दलानं घेतलं. म्हणाले,
आता हे बर्फ फोडेल.
"म्हंजे सावकाराचा बैल कोतवालाकडं गेला."
तसंच काहीसं.

मग आम्ही त्याचं नाक कापलं.
कपाळापासून पाण्याच्या रेषेखाली, सगळं.
नवा पत्रा दोन बोटं जाड.
आधी तापवायचा, मगच जोडायचा,
नाहीतर तिकडच्या थंडीत शिवण काचेसारखी तडकते.
एका फासळीच्या जागी दोन बसवल्या.
चौदावी-पंधरावीमधली शिवण माझी,
नऊ रात्री उताणा पडून, ठिणग्या गळ्यात घेत.
तिचा एक्स-रे काढला साहेबानं.
एक बुडबुडा निघाला नाही.

माय तुसात हात घालून लादी चाचपते.
"नाक टोकदार केलं असंल. सब्बलीवानी."
इथं सगळेच चुकतात. मीही चुकलो होतो.
गोल केलं, माय. पळीच्या पाठीसारखं.
जहाज बर्फाला ठोसा देत नाही,
त्याच्यावर चढतं
आणि नुसतं बसतं.

ती काही बोलत नाही.
दाभणानं लादीवर एक रेघ ओढते,
पुनर्वसनातल्या घराच्या सिमेंटच्या उंबऱ्यावर
अर्धी लादी टेकवते, अर्धी अधांतरी,
गुडघा ठेवते, भार टाकते.
कडक.
"चाळीस वर्सं," म्हणते,
आणि तुकडे मरळ-कतल्यावर पसरू लागते.

"अन् जुनं नाव त्याचं?"

नाव लोखंडावर लोखंडानंच लिहिलेलं असतं.
मी ग्राइंडर फिरवला. वर लाल रंग, पांढरा पट्टा.
पण ऊन तिरपं झालं की अक्षरं अजून उठतात
अंगावर पित्त उठावं तशी.
साहेब म्हणाला, राहू दे, कोण वाचतंय.

तिच्या डाव्या हातावर, बांगड्यांच्या वर
हिरवट गोंदलेलं आहे: बयना.
रेशन कार्डावर सत्यभामा.
पाण्याखाली गेलेल्या त्या गावातही
बयना म्हणून तिला कुणी हाक मारली नव्हती.
मी विचारत नाही.
तूस भिजून उंबऱ्याला चिकटलंय.

"फोटो हाय?"
दाखवतो. सगळं पांढरं, त्यात लाल जहाज,
मागं पाण्याची एक काळी वाट.
तिच्या ओल्या बोटाला मोबाइल ऐकत नाही.
पदराला पुसते, पुन्हा मोठं करून बघते.
"तुही शिवण कोन्ती?"
आतून आहे, माय. बाहेरून नाही दिसत.

"मंग टिकंल," म्हणते ती.
"धर टोपलं त्या अंगानं.
कोंढ्याचा बाजार काही थांबत नाही."