वाम

हुसेनभाई जैतापूरच्या खाडीवरचे.
सीपीआरला डोळ्याचं ऑपरेशन झालं,
तपासणीपर्यंत माझ्याकडं राहिले.
तिसऱ्या रात्री म्हणाले, झोप येत नाही. गळ टाकूया.

राजाराम बंधाऱ्याखाली
पाणी कपारीत घुसतं तिथं
गजाबर भोई आधीच बसलेला.
डब्यात उकिरड्यातली गांडुळं, करंगळीएवढी.
"वामीला ह्याच्याफुडं काय चालत न्हाई.
पर शेपटी मोकळी सोडायची. हलाय पायजे."

मी नेलेली कोंबडीची आतडी,
चिकनवाल्यानं फुकट दिलेली,
दिवसभर पत्र्यावर ठेवून पिकवलेली.
गजाबर नाकाला टॉवेल लावून म्हणाला,
"ह्यानं वाम यील का ठावं न्हाई, कुत्री येतील."

हुसेनभाईंच्या एका डोळ्यावर पट्टी.
दुसरा त्यांनी आपणहून मिटला
आणि एकेक नाकाशी धरलं.
गांडूळ बरं, पण ओढीत धुऊन जाईल.
आतडं लांबनं बोलावेल, खेकड्यांनासुद्धा.
मग पिशवीतून कागदाची पुडी काढली,
एसटीनं आलेली, मीठ लावलेली तारली.
"आमच्यात भरतीला मऊ पाठीचा खेकडा, ओहोटीला ही."
"हितं कसली भरती? धरणवालं पाणी सोडत्यात."
"तीच ती."

मी मदतीला हात पुढं केला
तर तोही हुंगला त्यांनी.
लेथवरचं तेल, वीस वर्षांचं,
सोड्यानं घासलं तरी राहतं.
"तू आमिषाला शिवू नको," म्हणाले.
"ती आधी तुझा कारखाना वासानं ओळखेल."

तीन दोर. दोन बिड्या. एक बॅटरी.
साडेतीनला तिन्ही दोर एकदम ताणले
आणि वर आली एकच,
मनगटाएवढी, काळीशार,
तिन्ही दोरांत स्वतःला गुंडाळून,
गाठीवर गाठ मारून.
कुठला गळ घशात, कळेना.

हुसेनभाईंनी तिच्या पोटावरनं बोट फिरवलं.
"समुद्राला निघालीय."
मी म्हटलं, तुमच्या नाही.
हे पाणी घाटाला पाठ करून जातं,
कृष्णेत, मग पूर्वेला,
मधे बंधारे किती, सांगता येणार नाही.
ते काही बोलले नाहीत. बोट मात्र तिथंच होतं.

गाठी मीच सोडवत होतो, बॅटरी दातात धरून.
शेवटची सुटली
आणि तीही सुटली,
माझ्याच हातातनं.
दोराचा तुकडा तोंडातनं लोंबत होता,
कुणाचा ते दिसायच्या आत पाणी मिटलं.

सोमवारी पट्टी निघाली.
हुसेनभाई पहाटेच्या गाडीनं गेले,
उरलेली तारली माझ्या फ्रीजमध्ये ठेवून.
गजाबर अजून म्हणतो, गांडूळच.