चार हजार दोनशे अकरा ग्रह

टाचण्या गंजल्यात. पान उलटलं की
तांबूस पूड बोटांना लागते.
अंक सातवा, नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठावन्न.
ग्रिम्सबीच्या धक्क्यामागं बोरिलचं मासळीचं दुकान,
त्याच्या मागच्या खोलीत छापला होता आम्ही,
बर्फाच्या पेट्या सरकवून, सायक्लोस्टाईलला जागा करून.
साठाच्या वर वर्षं झाली. तरी मी पानाला नाक लावते,
आणि हसू नका,
अकराव्या पानावर अजून हॅडॉक आहे.

किंमत : नऊ पेन्स,
किंवा एक पत्र,
किंवा आमच्याशी एक सविस्तर भांडण.
पैसे दोघांनीच पाठवले.

माझ्या टाइपरायटरचा ओ फार धारदार.
स्टेन्सिलवर आपटला की गोल तुकडाच पडायचा
आणि त्या भोकातून शाई भसाभसा.
म्हणून अंकभर, जिथं जिथं ओ,
तिथं एक भरलेलं काळं वर्तुळ.
मी रडकुंडीला आलेले. डेस्मंड म्हणाला, राहू दे.
आणि संपादकीयात ठोकून दिलं :
‘या अंकात सुमारे चार हजार ग्रह आहेत. मोजून कळवा.’
हलच्या एका पोरानं खरंच मोजले.
चार हजार दोनशे अकरा.
त्याचं पत्र आठव्या अंकात घ्यायचं होतं.

पान नऊ : सन दोन हजारात काय असेल?
डेस्मंड : चंद्रावर जायला रेल्वे, रविवारी निम्मं भाडं.
मॉरिस सोअरबी : खिशात मावणारा टेलिफोन
(पण तार त्यानं तशीच ठेवली,
लांब, खिशातून थेट घरापर्यंत).
चौकट भरेना म्हणून दुकानात जाऊन बोरिललाही विचारलं.
सुरी न थांबवता म्हणाला,
‘बोटी असतील. दुसरं काय?’
आम्ही पोट धरधरून हसलो, आणि छापलं.

परवा नातीनं गाडीतून धक्का दाखवला.
मासळी येते अजून, कंटेनरमधून, आइसलँडहून.
पाणी नुसतंच होतं.
मंगळापर्यंतचं इंधन आम्ही पौंडात काढलेलं,
दशांश चिन्हासकट.

पान चौदा : ‘मंगळाची भरती’, भाग दुसरा. लेखक : ई. क्रिब.
ई. म्हणजे एनिड. म्हणजे मी,
वय एकोणीस, दिवसा बर्फाच्या कारखान्यात बिलं लिहिणारी.
पहिला भाग वाचून डंडीहून कुणीतरी कळवलं होतं :
‘श्रीयुत क्रिब यांना इंजिनं कळतात,
बायका कळत नाहीत.’
ते पत्र मीच टाइप केलं. इतक्या रागानं
की त्या पानावर ग्रहांची नुसती दाटी झालीय.

काल रात्री, चष्म्यावर भिंग धरून,
माझी कथा मी पुन्हा वाचली.
यानात सहा जण. पाच पुरुष इंधनावरून भांडतात.
सहावी डॉक्टर हेल्गा, दोन पदव्यांची,
पान पंधरावर चहा करते.
पान सतरावर पुन्हा करते.
गुरुत्वाकर्षण शून्य, आणि चहा कपात!
डंडीवाल्या, तुझं नावही शाईत बुडालंय,
पण तू म्हणत होतास ते खरं.

आठवा अंक निघाला नाही.
डेस्मंडला लष्कराची चिठ्ठी आली, नाताळ तोंडावर आला,
बोरिलला पेट्यांसाठी खोली हवी होती.
भांडण वगैरे काही झालं नाही.
तशी कुठलीच गोष्ट झाली नाही.

शेवटच्या ओळीत बाहेरून दारावर थाप पडते,
पाचही जण एकमेकांकडे बघतात,
आणि हेल्गा, एका हातात कप,
दुसरा हात दाराच्या दांड्यावर.
त्याखाली : क्रमशः.

पुढं काय लिहायचं होतं मला,
आठवत नाही. टिपणं केली होती,
ती कशात गुंडाळली गेली देव जाणे, बहुतेक कॉडमध्ये.
पण बाई, चहा कधीच निवला.
ठेव तो खाली.
बघ कोण आलंय.